कोणते काम घ्यायचे, कोणते सोडायचे

माझा भाचा कल्याण पूर्वेला राहतो. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला, दोन वर्षे एका ठेकेदाराच्या हाताखाली काढली आणि गेल्या पावसाळ्यानंतर हत्यारांची पिशवी खांद्याला लावून स्वतंत्र धंद्याला लागला. मुलगा हाताने चांगला आहे. बोर्ड सरळ बसवतो, जोड पक्का मारतो. सकाळी सातला घर सोडतो तो रात्री नऊला परततो. व्यसन नाही, आळस नाही. आणि महिनाअखेरीला आईच्या हातावर ठेवायला पैसे नाहीत.

माझी बहीण हे सांगायला घरी आली तेव्हा तिच्या मनात निराळीच शंका होती. "दादा, पोरगं कुठं वाईट नादाला तर नाही ना लागलं? एवढं राबतंय, मग पैसा जातो कुठं?"

मी म्हटले, त्याला रविवारी वही घेऊन पाठव. तो आला, पण वही नव्हती. सगळा हिशेब डोक्यात आणि मोबाइलमधल्या निरोपांत. मग दोघांनी बसून, आठवून आठवून, मागच्या महिन्याची एक एक नोंद कागदावर उतरवली. चौतीस कामे झाली. हातात आले २९,६०० रुपये. त्यातले १२,३०० मालाला गेले, २,९०० प्रवास आणि चहापाण्याला. उरले १४,४००. सव्वीस दिवस राबला त्याचे दिवसाला साडेपाचशे पडले. शिवाय ८,२०० रुपये लोकांकडे अडकलेले.

तो कागदाकडे बघत राहिला. "मामा, मी तर एकाही कामाला नाही म्हटलं नाही."

मी म्हटले, "तिथंच तर घोडं पेंड खातंय."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घराघरांतून आज वायरमन, प्लंबर, रंगारी, सुतार, फ्रिज-एसी दुरुस्त करणारी मुले आहेत. गिरण्या गेल्या, कारखान्यांतल्या कायम नोकऱ्या आटल्या, तेव्हा पुष्कळांनी हातातल्या कसबावर घर उभे केले. त्यांना हत्यार कसे धरायचे हे कोणीतरी शिकवते. काम कसे निवडायचे हे सहसा कोणी शिकवत नाही. मी १९८६ सालापासून हा धंदा केला आणि पहिली दहा वर्षे तरी भाच्यासारखाच केला. म्हणून हे लिहितो आहे. उदाहरणे माझ्या धंद्यातली आहेत. प्लंबरने वायरच्या जागी पाइप वाचावे.

आम्ही त्या चौतीस कामांकडे एकेक करून पाहिले. एक काम मीरा रोडचे. ओळखीतल्या ओळखीने आलेले. पंखा फिरत नाही, एवढीच तक्रार. हा कल्याणहून दादर, तिथून गाडी बदलून मीरा रोड, पुढे रिक्षा. कंडेन्सर गेला होता, तो बदलला. साडेतीनशे घेतले. कंडेन्सरचे साठ, जाण्यायेण्याचे एकशे दहा. एकशे ऐंशी रुपये उरले आणि दिवस संपला. त्याच दिवशी दुपारी उल्हासनगरच्या एका गिऱ्हाइकाने फोन केला होता, दोन खोल्यांची जुनी वायरिंग बदलायची होती. हा गाडीत लटकलेला. दुसऱ्या दिवशी गेला तोवर दुसरा वायरमन भिंत फोडत होता.

म्हणजे त्या पंख्याची खरी किंमत उल्हासनगरच्या दोन खोल्या होती. कागदावर ती कुठेच दिसत नाही. लांबचे काम घेऊच नये असे मी म्हणत नाही. पूर्ण दिवसाची मजुरी निघत असेल, किंवा तिकडची दोन-तीन कामे एका दिवशी बांधता येत असतील, तर जरूर जावे. सुट्या दुरुस्तीसाठी मात्र आपला एक टापू ठरवावा. भाच्याचा आम्ही कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली असा ठरवला. टापूबाहेरच्या गिऱ्हाइकाला फोनवरच सांगायचे, "साहेब, तुमच्या जवळचा माणूस बघा, तुम्हालाही स्वस्त पडेल." यात गिऱ्हाइकाचेही नुकसान नाही.

एकाच इमारतीतली छोटी कामे मोठी होतात, हे नव्या मुलांना पटत नाही. चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत एका म्हातारीची बेल नीट करून दिली तर वर्षभरात दहा दारे उघडतात. मुलांना मात्र 'साइट' हवी असते. 'माझी साइट चालू आहे' असे म्हणायला बरे वाटते.

भाच्याचीही एक साइट होती. टिटवाळ्याला चार खोल्यांची फिटिंग, पण बिल्डरकडून थेट नाही. बिल्डरचा ठेकेदार, त्याचा माणूस, आणि त्या माणसाचा हा माणूस. पॉइंटवर दर ठरलेला, तोही तोंडी. पाइप गाडून झाले, वायर ओढून झाली, बोर्ड बसले. वरचा माणूस म्हणतो, मला वरून आले की देतो. अडकलेल्या ८,२०० पैकी ६,००० हे त्याचेच.

असे काम सरसकट सोडावे असे सांगणे सोपे आहे. पण नव्या मुलाला सुरुवातीला तेच मिळते आणि त्यात हात बसतो. फक्त ते घेण्याची रीत आहे. या कामाचे सरळ टप्पे पडतात: भिंतीतले पाइप, वायर ओढणे, शेवटी स्विच आणि फिटिंग. प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे ठरवायचे आणि मागच्याचे मिळाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. चिठ्ठीवर का होईना, लिहून घ्यायचे. जो माणूस चार ओळी लिहून द्यायला कां-कूं करतो त्याने तुमचे काम तिथेच सोपे केले, उठून यावे. भिंतीत गेलेला पाइप परत काढता येत नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

तसेच मालाचे. मालासकट काम घेतले की फायदा दिसतो जास्त, पण लोहार चाळीतून उचललेला माल आपल्या खिशातला असतो. नव्वद मीटरच्या वायरच्या चार बंडलांत महिन्याचा बाजार जातो, आणि तांब्याचा भाव कोणासाठी थांबत नाही. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याने मजुरीवर काम घ्यावे आणि मालाची यादी गिऱ्हाइकाला लिहून द्यावी. यादीत वायरची जाडी आणि आयएसआय शिक्का स्पष्ट लिहावा. गिऱ्हाईक हलकी वायर घेऊन आले तर ती ओढायची नाही. भाव मालासकट सांगायचाच असेल तर "हा भाव आठ दिवसांपुरता" हे शब्द विसरू नयेत. मी १९९४ साली ते विसरलो होतो आणि एका बंगल्याची वायरिंग पदरचे पैसे घालून पुरी केली.

आता पैशाच्या पलीकडची कामे. त्या यादीत एक गिझर होता. न्हाणीघरात दिव्याच्या लाइनवरच जोडून द्या म्हणाले, नवी लाइन ओढायची तर भिंतीच्या फरश्या फुटतील. भाच्याने जोडून दिला. पाचशे मिळाले.

मी त्याला म्हटले, हिशेब कर. दोन हजार वॉटचा गिझर, दोनशे तीस व्होल्ट. पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढणार. तू लावलेला प्लग सहाचा. दिव्याची वायर जुनी, बारीक. अर्थिंग तपासलेस? तो गप्प. चाळीतली जुनी खोली, अर्थची तार बोर्डापर्यंत येऊन तशीच कापलेली. तिथे ओल्या फरशीवर उभी राहून कोणाची तरी आई, कोणाची तरी लहान पोर गरम पाण्याचा नळ सोडणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिथे गेलो आणि तो गिझर काढला. घरधनी रागावले. त्यांना मी सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर, अर्थिंग आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी यांचा खर्च लिहून दिला, आणि भाच्याने घेतलेले पाचशे परत केले. ते म्हणाले, "तुम्ही नाही तर दुसरा लावून देईल." ते खरेच आहे. दुसरा लावून देतो. पण उद्या कोणाला झटका बसला तर ज्याने जोडले त्याचेच नाव पहिले निघते, आणि नाव निघाले नाही तरी त्याची झोप जाते. (पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, काम भाच्यालाच मिळाले. नसते मिळाले तरी मी हेच लिहिले असते.)

दुसरे काम भाच्याकडे अजून आले नव्हते, पण येणार हे नक्की. मीटर जरा हळू करून द्या. एका रात्रीचे दोन-तीन हजार सहज देतात. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीला मदत करणाऱ्या वायरमनला शिक्षा झाली तर त्याचा परवानाही रद्द होऊ शकतो, अशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम १५० मध्ये २००७ पासून आहे. मीटरवाला शेठ दंड भरून मोकळा होईल. आपला परवाना गेला की पोटावरच धोंडा. आणि परवाना नसेल तर तो आधी काढावा. दिवा, पंखा, स्विच बदलणे वेगळे. नवी वायरिंग, वाढीव लोड ही कामे परवानाधारक ठेकेदारामार्फत, परवानाधारक माणसांनीच करायची असतात. हातात कागद नसल्यामुळे आपली कितीतरी मुले आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली राबतात.

तिसरे काम मी माझ्या वहीतले सांगितले. १९९८ साल. ठाण्याच्या पुढे एका सोसायटीत मलटाकीतला पंप बंद पडला होता. पंधराशे रुपयांचे काम, तेव्हाचे पंधराशे. मी पॅनेल उघडून वरूनच मोटर तपासली. वाइंडिंग ठीक होते, पंख्यात काहीतरी अडकले असावे. साखळीला कप्पी लावून पंप वर घ्या, मग मी खोलतो, असे सांगितले. साखळी गंजून तुटलेली होती. तिथल्या एका पदाधिकाऱ्याने आल्या आल्या माझे आडनाव विचारले होते, तेव्हा त्याचे कारण कळले नव्हते. आता तो म्हणाला, "अहो, तुम्हीच उतरा ना आत. तुम्हा लोकांना त्याचं काय?"

मी पिशवी उचलून बाहेर पडलो. फार शूर वाटले असे नाही. त्या महिन्यात मुलीची फी भरायची होती. रात्री बायकोला सांगताना आवाज चढला तो त्या माणसावर होता की रिकाम्या खिशावर, हे मला आजही सांगता येणार नाही. ती एवढेच म्हणाली, "आत उतरला असतात तर मला कोणी सांगायला तरी आलं असतं का?"

तेव्हा मला त्या टाकीतला वायू ठाऊक नव्हता. हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटते की आता हवा बरी आहे. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, हे त्यामुळेच घडते. २०१३ च्या कायद्याने गटारात व मलटाकीत सुरक्षा साधनांशिवाय सफाईला माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. अशा मृत्यूंच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. पण भरपाई मागून येते. पंपाचे काम आपण घेऊ शकतो: वर बसून, मेन बंद करून, पंप बाहेर आल्यावर. आत उतरायचे काम वायरमनचे नाही, प्लंबरचे नाही, आणि आडनावाचे तर नाहीच.

हे सारे चालले असताना बहीण भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "दादा, तू पोराला सगळं सोडायलाच शिकवतोस. आलेल्या कामाला नाही म्हणायचं? आपल्या बापानं कधी म्हटलं?"

मी तिला आजोबांची आठवण दिली. गावकीच्या वतनात आजोबांना 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. अपरात्री हाक आली की उठायचे, सरकारी टपाल दुसऱ्या गावी पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि बदल्यात बलुत्याची भाकरी. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. ती वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. म्हणजे कामाला 'नाही' म्हणणे हे आपल्या घरात अजून नवेच आहे. आपल्याला ते उद्धटपणासारखे वाटते. बहीण काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

नाही म्हणायची सुद्धा पद्धत असते. लवकर म्हणावे, कारण सांगून म्हणावे, आणि जमल्यास दुसऱ्या भरवशाच्या कारागिराचे नाव द्यावे. गिऱ्हाइकाचा राग नकारावर क्वचितच असतो. त्याचा खरा राग 'येतो, येतो' म्हणून चार दिवस न येणाऱ्यावर असतो.

फुकटच्या कामांचा प्रश्न नाजूक आहे. १४ एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या मंडपाची रोषणाई वस्तीतल्या वायरमननेच करायची, हे ठरलेलेच असते. मीही वर्षानुवर्षे केली आणि आनंदाने केली. मात्र मजुरी आपली, माल मंडळाचा, हे आधी बोलून घ्यावे. नाहीतर होल्डर, वायर, तोरणे घरची जातात आणि मिरवणुकीनंतर ती कोणाकडे आहेत ते कोणालाच माहीत नसते. मंडप उघड्यावर असतो, लहान मुले खांबांना धरून खेळतात, तेव्हा आरसीसीबीशिवाय मंडपाला वीज द्यायची नाही, मग अध्यक्ष कितीही घाई करोत. आणि वहीत ते दान म्हणून लिहावे. लिहिले म्हणजे जयंतीचे चार दिवस कुठे गेले ते घरच्यांना कळते. नातेवाइकांच्या मिक्सरबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही.

काही कामे तोट्यात गेली तरी घ्यावीत, ज्यांतून नवे शिकायला मिळते ती. २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली तेव्हापासून घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचे काम वाढले आहे. त्यात मेन बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारेत वीज राहतेच. आपल्या नेहमीच्या सवयी तिथे घात करतात. जाणत्याबरोबर आठवडाभर अर्ध्या मजुरीवर गेलास तरी जा, असे मी भाच्याला सांगितले.

शेवटी आम्ही फोनवर विचारायचे प्रश्न वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिले. कुठे राहता? घर स्वतःचे की भाड्याचे, आणि पैसे कोण देणार, मालक की भाडेकरू? वायरिंग किती वर्षांची? फ्यूज आहे की एमसीबी? पाणी कुठे मुरते का? सर्वांत महत्त्वाचा शेवटी: याआधी कोणी काम केले होते, आणि ते अर्धे का राहिले? अर्धवट कामात आधीच्याच्या चुका आपल्या गळ्यात येतात. कधीकधी आधीच्याचे पैसे बुडवलेले असतात, मग आपलेही बुडणार. असे काम घ्यायचेच तर आधी सगळे बोर्ड उघडून तपासण्याची मजुरी वेगळी घ्यावी.

या गोष्टीला तीन महिने झाले. मागच्या रविवारी मी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. भाच्याचा फोन वाजला. तो उठून दारात गेला. "जुनी किती वर्षांची आहे ताई? ... घर तुमचंच ना? ... उद्या नऊला बघायला येतो. बघायचे शंभर रुपये, काम दिलंत तर त्यातच वळते करीन."

बहीण आमटी वाढता वाढता थांबली. "नुसतं बघायचेसुद्धा पैसे घेतोस रे?"

"डॉक्टर घेतो की, आई."

"डॉक्टर शिकलेला असतो."

"आणि मी?" असे म्हणून त्याने वही उघडली आणि उद्याच्या पानावर नऊ वाजताचे लिहून घेतले.